दहाव्या वळणावरचा ब्रेक

कोल्हापूरहून रत्नागिरीला येणारा रस्ता आंबा गाव ओलांडतो, सह्याद्रीची कड सोडतो आणि वळणं घेत साखरप्याच्या दिशेने उतरू लागतो. आजची साधी छोटी गाडीसुद्धा हा घाट सहज उतरते. चार माणसं, डिकीत सामान आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली जुनी फियाट मात्र वेगळी वागते. पहिल्या वळणावर तिचा ब्रेक झकास लागतो. चौथ्या-पाचव्या वळणावर पाय जरा जोरात द्यावा लागतो. दहाव्या वळणाशी येईतो पेडल खोल गेलेलं असतं, खिडकीतून जळका वास येत असतो आणि चालवणाऱ्याच्या कपाळावर घाम असतो.

गाडी तीच, पाय तोच. मधल्या काही मिनिटांत वाढलं ते चाकांमधलं तापमान. जुन्या गाडीचे ब्रेक सुधारताना लोक पहिल्या ब्रेकचा विचार करतात: दाबला की गाडी खाडकन थांबली पाहिजे. खरं तर चांगल्या स्थितीतला जुना ड्रमही पहिल्या दाबाला चाक जागच्या जागी जखडू शकतो. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबणार, हे टायर आणि रस्ता यांची पकड ठरवते. सुधारणेची गरज आहे ती दहाव्या ब्रेकला. ही एक गोष्ट पक्की समजली, की कशावर पैसे घालायचे आणि कशावर नाही, याची उत्तरं आपोआप सापडू लागतात.

कुर्ल्यात थांबलेलं घड्याळ

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ या अमेरिकन गाड्या आणि फार्गो ट्रक जोडले जात. १९५०च्या दशकात तिथे फियाट ११०० आली. १९६४ मध्ये आलेली ‘डिलाइट’, १९७२ पासूनची ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासूनची ‘प्रीमियर पद्मिनी’ ही एकाच गाडीची पुढची नावं. १०८९ घनसेंटिमीटरचं इंजिन, चाळिसेक अश्वशक्ती, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा आणि सुमारे ९०० किलो वजन. घरोघरी मात्र ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली.

इटलीत फियाट कंपनी पुढे गेली. १९६६ मध्ये तिने ११०० आर ही आवृत्ती काढली, तेव्हा पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. त्याच वर्षी आलेल्या फियाट १२४ला तर चारही चाकांना डिस्क होते. कुर्ल्यातली गाडी आधीच्या ११०० डी या साच्यावरच राहिली. परवान्यांचा जमाना होता. गाडीसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबत. जे बनतं ते रांगेतच विकलं जात असताना ब्रेक बदलण्याची निकड कारखान्याला वाटावी असं बाजारात काही नव्हतं. त्यामुळे मूळ घराण्यात १९६६ मध्येच मागे पडलेली ड्रमची जोडणी आपल्याकडे पुढची कित्येक वर्षं रस्त्यावर धावत राहिली.

त्या काळच्या रस्त्यांना ती पुरत असे. मुंबई-गोवा महामार्ग दुपदरी होता. कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच पार व्हायचे आणि पुढच्या ट्रकचे ब्रेकही आपल्यासारखेच यथातथा असायचे. आता कशेडीला बोगदा झाला आहे, चौपदरी रस्त्यावर ८०-९०चा वेग सहज येतो आणि पुढच्या गाडीला एबीएस असतं. एप्रिल २०१९ पासून भारतात प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचं आहे. फियाटचे ब्रेक पूर्वीइतकेच चांगले असले, तरी भोवतालच्या गाड्या तिच्याहून कमी अंतरात थांबू लागल्या आहेत.

आणखी एक अडचण सुट्या भागांची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी हे मॉडेल जगवलं होतं. टॅक्सी होत्या तोवर ब्रेक शूपासून रबर किटपर्यंत सगळं बाजारात मिळे आणि हात बसलेले मिस्त्रीही होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ती २०२३च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. गिऱ्हाईकच उरलं नाही, तेव्हा माल दुर्मिळ होणारच.

उताराचा हिशोब

धावणाऱ्या गाडीत ऊर्जा साठलेली असते. ब्रेक ती घर्षणाने उष्णतेत बदलतो, आणि ही उष्णता हवेत निघून जाईपर्यंत कुठेतरी साठवून ठेवावी लागते. ती साठते ड्रमच्या बिडात.

माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,२०० किलो मानू. ताशी ८० किलोमीटर वेगावरून ती पूर्ण थांबवली, तर सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता तयार होते. चार ड्रममध्ये मिळून २० किलो बीड आहे असं समजू. तेवढ्या उष्णतेने त्याचं तापमान साधारण ३२ अंशांनी वाढेल. यात घाबरण्यासारखं काही नाही. सपाट रस्त्यावर पुढचा ब्रेक लागेपर्यंत ते निवतंही.

आता हीच गाडी ५०० मीटर उंची उतरवू. वजन, गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार येतो सुमारे ५,९०० किलोज्यूल. म्हणजे ताशी ८० वरून लागोपाठ वीस वेळा गाडी थांबवण्याइतकी उष्णता. आंघोळीच्या पाण्याची वीस लिटरची बादली तिच्यावर उकळेल. ही सगळी उष्णता त्याच २० किलो बिडात कोंडली, तर तापमान ६४० अंशांनी चढायला हवं. तसं होत नाही याची कारणं दोन. एक म्हणजे हवा वाटेत काही उष्णता काढून नेते. दुसरं म्हणजे शहाणा ड्रायव्हर बरंचसं काम इंजिनावर सोपवतो. ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम याच हिशोबाचं सार आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेकच्या वाट्याची उष्णता स्वतः बाहेर टाकतं.

पेट्रोल वाचवायचं म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, कधी इंजिन बंद करून घाट उतरवण्याची सवय आपल्याकडे मुरलेली आहे. त्यात वाचतं ते चमचाभर पेट्रोल आणि ५,९०० किलोज्यूलचा सगळा भार चार ड्रमांवर पडतो. ही सवय सोडायला पैसा लागत नाही, म्हणून ब्रेकच्या सुधारणेची सुरुवात इथूनच करावी.

ब्रेक तीन तऱ्हांनी दगा देतो

‘ब्रेक फेल झाला’ या एका वाक्यात तीन वेगळे आजार दडलेले असतात. पेडल नीट ओळखणाऱ्याला ते वेगळे काढता येतात.

पहिला आजार लायनरचा, म्हणजे ब्रेक शूवरच्या घर्षणाच्या थराचा. ठरावीक तापमानापलीकडे लायनरमधला चिकट पदार्थ जळू लागतो, त्याचा वायू होतो आणि घर्षण घटतं. पेडल टणक आणि नेहमीच्या उंचीवर असतं, पण कितीही दाबलं तरी गाडी ओढ धरत नाही. जळका वास येतो तो याचाच.

दुसरा आजार ड्रमचा. तापलेलं बीड प्रसरण पावतं. २५० मिलिमीटर व्यासाचा ड्रम २५० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास जवळजवळ पाऊण मिलिमीटरने वाढतो. ड्रममध्ये शू आतून बाहेर दाबले जातात. भिंतच दूर सरकली, की त्यांना जास्त वाट चालावी लागते आणि पेडल खाली खाली जातं.

तिसरा आणि सर्वांत घातक आजार ब्रेक ऑइलचा. आपण त्याला ऑइल म्हणत असलो, तरी नेहमीच्या वापरातला हा द्रव ग्लायकॉल वर्गातला असतो आणि हवेतली आर्द्रता शोषून घेतो. डॉट ३ प्रतीचा ताजा द्रव किमान २०५ अंशांना उकळला पाहिजे, असं मानक सांगतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की ती मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात चाकातला, शू ढकलणारा व्हील सिलिंडर तापून हा द्रव उकळला, की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ सहज दाबली जाते. पेडल थेट फळीला टेकतं आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही. अर्ध्या तासाने सगळं निवलं, की पेडल परत जागेवर! गॅरेजमध्ये मिस्त्री म्हणतो, ब्रेक तर ठीक आहेत.

आधी जुनं जाग्यावर आणा

रत्नागिरीची हवा ब्रेकला सोसत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, उरलेल्या महिन्यांत समुद्राचा दमट वारा. आरे-वारेच्या रस्त्यावर किंवा भाट्याच्या पुलावर रोज जाणाऱ्या गाडीच्या तळाला मिठाची हवा लागतच असते. लोखंडी ब्रेक पाइप बाहेरून गंजतात, व्हील सिलिंडर आतून गंजतात. त्यात अनेक जुन्या गाड्या घरच्या पडवीत उभ्या असतात आणि गणपतीत नि मे महिन्यात तेवढ्या बाहेर निघतात. हँडब्रेक ओढून चार महिने पावसाळ्यात उभी ठेवलेली गाडी पुढे हलेनाशी होते, कारण शू गंजून ड्रमला चिकटलेले असतात. अशी गाडी गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक सोडावा आणि चाकांना चिऱ्याचे तुकडे लावावेत. जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरासारखं पाणी जिच्यावरून गेलं, तिचे ड्रम उघडून गाळ काढल्याशिवाय आणि सगळं ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय ती रस्त्यावर आणूच नये.

म्हणून डिस्कची भाषा करण्याआधी जी जोडणी आहे ती पूर्ण जाग्यावर आणावी. रबरी होज बदलावेत. जुना होज आतून फुगून वाट अडवतो, मग एका चाकाचा ब्रेक उशिरा सुटतो आणि गाडी एका बाजूला ओढते. गंजके पाइप काढून तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे बसवावेत. ते गंजत नाहीत, म्हणून व्होल्वोसारख्या कंपनीने १९७०च्या दशकातच ते स्वीकारले होते. साधा तांब्याचा पाइप वळवायला सोपा असला, तरी थरथरीने कडक होऊन तडकतो. तो टाळावा. व्हील सिलिंडर आतून खड्डे पडलेले असतील, तर नुसतं किट टाकून भागत नाही. नवं रबर त्याच खड्ड्यांवर घासून महिन्याभरात पाझरू लागतं.

ड्रमला खाचा पडल्या असतील किंवा तो लंबगोल झाला असेल, तर लेथवर टर्निंग करून घेतात. पण प्रत्येक टर्निंगला बीड कमी होतं आणि उष्णता साठवण्याची जागाही तेवढीच घटते. मर्यादेपलीकडे कातलेला ड्रम दिसायला आरशासारखा असतो, पण घाटात लवकर तापतो. नवे लायनर ड्रमच्या गोलाईला बसतील असे घासून घ्यावेत. नाही तर ते टोकांवर किंवा मध्येच टेकतात आणि अर्धं क्षेत्रफळ वाया जातं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपने धूळ उडवणं ही गॅरेजमधली घातक रीत आहे. ती धूळ ओल्या फडक्याने पुसून काढावी.

शेवटी ब्रेक ऑइल. जुनं पूर्ण काढून डॉट ४ भरावं आणि कोकणात ते दर वर्षी बदलावं. बाटली एकदा उघडली, की उरलेलं पुढच्या वर्षासाठी जपू नये. इंजिन ऑइल किंवा कोणतंही खनिज तेल चुकून आत गेलं, तर सगळी रबरं फुगतात. सिलिकॉनचं डॉट ५ पाणी शोषत नाही, पण ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, शिवाय आत शिरलेलं पाणी एका जागी साचून तिथे गंज धरतो. रोजच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

एवढं काम झालेली फियाट पाहून अनेक मालक आश्चर्याने म्हणतात, ब्रेक आता नव्यासारखे झाले. वर्षातून दोनदा गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाडीला एवढं पुरतं.

डिस्कने नेमकं काय बदलतं

डिस्क ब्रेकची कल्पना ड्रमइतकीच जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यांचे तांब्याचे पॅड कर्कश आवाज करत आणि झिजत, म्हणून ती मागे पडली. १९५३ मध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क लावलेली जॅग्वार सी-टाइप जिंकली, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. त्या गाडीला दर फेरीत ब्रेकवर विसंबता येत होतं, पहिल्या तासात जितकं तितकंच अखेरच्या तासातही. १९५५ची सिट्रोएन डीएस ही पुढे डिस्क घेऊन मोठ्या संख्येने बनलेली पहिली मोटार.

डिस्कच्या दोन्ही बाजू उघड्या असतात. पॅड तिचा थोडासाच भाग झाकतात, बाकीचा सतत वाऱ्यावर असतो. ती तापून प्रसरण पावली, तर पॅडपासून दूर जात नाही, उलट जाडीने किंचित त्यांच्याकडेच येते. त्यामुळे पेडल खाली जात नाही. पावसात मोरीवरच्या पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी अडकतं आणि पुढचे एक-दोन ब्रेक नुसते घसरतात. डिस्क ते पाणी फिरता फिरता झटकून टाकते. कोकणासाठी हा गुण घाटाइतकाच मोलाचा आहे.

ड्रमलाही एक गुण आहे, जो डिस्कला नाही. चाकाच्या फिरण्यामुळे पुढचा शू ड्रममध्ये आपोआप आणखी आवळला जातो. पायाच्या जोरात फुकटची भर पडते. डिस्कमध्ये अशी भर नाही. म्हणूनच नुसती डिस्क बसवून बाकी सगळं तसंच ठेवलं, तर पेडल दगडासारखं लागतं आणि हौसेने खर्च केलेला मालक म्हणतो, याहून ड्रम बरे होते.

फियाटच्या पुढच्या चाकांना डिस्क बसवताना सहसा मारुतीसारख्या नंतरच्या गाड्यांची कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) आणि तबकडी वापरतात, कारण ती कुठेही मिळतात. फियाटचं चाक १४ इंची असल्याने आत जागा पुरते. खरा प्रश्न असतो ब्रॅकेटचा, म्हणजे कॅलिपरला मूळ स्टबवर धरून ठेवणाऱ्या पोलादी तुकड्याचा. जोरात ब्रेक लागला, की गाडीचा सगळा झोक या तुकड्यावर येतो. तो कुणाच्या अंदाजाने, गॅस कटरने कापून, वेल्डिंग मारून करण्याची वस्तू नव्हे. रत्नागिरीकरांचं नशीब असं, की घाटाच्या वर कोल्हापूर आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतकाम आणि यंत्रकामाचे जाणते लोक बसले आहेत. मोजमाप घेऊन, जाड पोलादी पट्टीतून मशीनवर काढलेलं ब्रॅकेट, मूळ भोकांत चांगल्या प्रतीच्या बोल्टांनी बसवलेलं, हीच रीत धरावी. कॅलिपर तबकडीच्या बरोबर मधोमध आलं पाहिजे, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून होज कुठे ताणला वा घासला जात नाही ना, हे पाहिलं पाहिजे.

मागचे ड्रम तसेच ठेवावेत. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं. मघाच्याच १,२०० किलोच्या गाडीत मध्यम जोराच्या ब्रेकला १७० किलोंच्या आसपास भार मागच्या चाकांवरून पुढच्यांवर जातो. घाटाचा उतार त्यात आणखी भर घालतो. बहुतेक काम पुढची चाकं करतात, सुधारणाही तिथेच हवी. शिवाय हँडब्रेकची यंत्रणा मागच्या ड्रममध्ये बसलेली असते. रत्नागिरीसारख्या चढउताराच्या गावात तिला हात लावू नये.

पेडल ते चाक, एकच साखळी

डिस्क बसली की मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलच्या जोराने द्रवावर दाब आणणाऱ्या सिलिंडरचा, विचार टाळता येत नाही. कॅलिपरचे पिस्टन व्हील सिलिंडरपेक्षा बरेच मोठे असतात, त्यांना जास्त द्रव लागतो. म्हणून मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर घालण्याचा मोह होतो. इथे थोडं गणित हवं. पायाने २० किलोंचा जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट केला, तर मास्टर सिलिंडरवर १०० किलो पोहोचतात. पाऊण इंची बोअरमध्ये त्यातून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलो दाब मिळतो. बोअर सात अष्टमांश इंच केला, तर तोच पाय फक्त २६ किलो दाब देतो. द्रव जास्त सरकतो, पेडल वर राहतं, पण जोर चौथ्या हिश्शाहून अधिक घटतो.

ही तूट भरून काढतो बूस्टर. इंजिन हवा आत ओढतं, तेव्हा मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. बूस्टर त्याचा उपयोग करून वातावरणाच्या दाबालाच कामाला लावतो. सात इंची पडद्यावर निर्वात चांगला असेल, तर सुमारे १५० किलोंची मदत मिळू शकते. पण हा निर्वात इंजिन चालू असेपर्यंतच तयार होतो. बूस्टर लावलेली गाडी इंजिन बंद करून घाटात सोडली, तर दोन-तीन दाबांनंतर मदत संपते आणि हाती उरतो तो घटलेला २६ किलोंचा दाब. जुन्या सवयीच्या माणसाला बूस्टरच्या गाडीची किल्ली देण्याआधी हे सांगायलाच हवं.

याच टप्प्यावर टँडम मास्टर सिलिंडर घ्यावा. १९६०च्या दशकातल्या कित्येक गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच सर्किट असे. कुठेही एक पाइप फुटला, की सगळे ब्रेक एकदम जायचे. टँडममध्ये पुढची आणि मागची चाकं वेगळी होतात, एक बाजू गेली तरी दुसरी उरते. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना हे बंधनकारक केलं. माझ्या मते जुन्या गाडीत पैसे फक्त एकाच बदलाला पुरत असतील, तर डिस्कच्याही आधी हा बदल करावा. डिस्क दहाव्या ब्रेकची काळजी घेते. टँडम त्या एका ब्रेकची घेतो, जो कधी लागेल ते ठाऊक नसतं.

बारीक पण महत्त्वाची आणखी एक जागा. ड्रमसाठी बनवलेल्या अनेक जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, कारण शूच्या स्प्रिंगा व्हील सिलिंडर मागे ढकलत असतात. तोच व्हॉल्व्ह डिस्कच्या नळीवर राहिला, तर पॅड तबकडीला सतत घासत राहतात. वीस किलोमीटर चालवल्यावर पुढचं चाक भाजण्याइतकं गरम लागलं, तर आधी हे तपासावं. मागची चाकं पुढच्यांआधी जखडली, तर गाडी शेपूट फिरवते, आणि ओल्या जांभ्या मातीवर ती सावरत नाही. मागचा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह त्यासाठीच असतो.

सड्यावरची परीक्षा

काम संपलं की आधी हवा काढणं. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यावं. मग पेडलवर मिनिटभर पूर्ण जोर देऊन बसावं. पेडल हळूहळू खाली सरकलं, तर कुठेतरी गळती आहे. त्यानंतर एखाद्या मोकळ्या सड्यावर, कोरड्या सपाट जागी, ताशी ३० किलोमीटर वेगाने हात हलके ठेवून ब्रेक लावून बघावा. गाडी सरळ थांबली पाहिजे. नवे पॅड आणि तबकडी एकमेकांना रुळायला मध्यम जोराचे, मध्ये अंतर ठेवून घेतलेले बरेच ब्रेक लागतात. तोवर घाटात जाऊ नये. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक जोड कोरडा आहे का, ब्रॅकेटचे बोल्ट घट्ट आहेत का, हे पुन्हा पाहावं. टायर जुने असतील, तर या सगळ्या खर्चाला अर्थ नाही. डिस्कने आणलेला जोर रस्त्यापर्यंत पोहोचवतं ते रबरच.

कायद्याची बाजूही आधीच पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असे बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा काटेकोर अर्थ लावला. इंजिन, चॅसी, बॉडी यांना हात न लावता केलेला, मूळ भोकांत बसणारा ब्रेकचा बदल त्या मानाने सौम्य आहे. तरी एमएच-०८ च्या, म्हणजे रत्नागिरीच्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीला आधी विचारून घेतलेलं बरं. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला गाडी तपासायला न्यावीच लागते.

१९७४ची पहिली पद्मिनी आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला वेगळा क्रमांक मिळू शकतो, पण ती मूळ रूपात राखलेली हवी, आणि तिला प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतंच रस्त्यावर येता येतं. त्यामुळे मालकाने आधी स्वतःला विचारावं, ही गाडी मिरवायची आहे की चालवायची आहे? मिरवायची असेल, तर ड्रमच ठेवावेत, ते उत्तम स्थितीत राखावेत आणि घाटात दुसरा गिअर सोडू नये. चालवायची असेल, पावसापाण्यात घरची माणसं घेऊन कोल्हापूरला जायचं असेल, तर टँडम, डिस्क, बूस्टर आणि चांगले टायर असं सगळं एकत्र करावं. टँडम वगळता यातलं एकच उचलून बाकी सोडून देणं सर्वांत महाग पडतं. काढलेले ड्रम, शू आणि मास्टर सिलिंडर मात्र ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी चिकटवून जपावेत. आज बाजारात मिळेनासे झालेले हे भाग पुढच्या मालकाला लागतील, आणि गाडी मूळ रूपात न्यायची की नाही हे त्याला ठरवता येईल.